खडूची गाडी

मकबूल मिस्त्री म्हणाला, आधी मापं आणा.
हैदराबाद रोडला त्याच्या शेडमध्ये तीन गाड्या उभ्या.
शाळेची पिवळी व्हॅन, खिडक्यांना अजून जाळ्या;
वऱ्हाडं वाहून झिजलेली ट्रॅव्हलर,
सीटना अत्तराचा आणि उलटीचा वास;
आणि एक नुसता डबा, चाकांवरचा,
ज्यातून आधी चादरींचे गठ्ठे जायचे.
"राहायचंय, बाई, का फिरायचंय?"
राहायचंय, म्हटलं. फिरणं ओघानं होईल.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.

मला गाडीतलं काय कळतं?
एकोणतीस वर्षं पालिकेत पाण्याची मीटरं वाचली.
क्लच दाबायला शिकले ती गेल्या दिवाळीत,
श्रीहरी शेजारी दात आवळून,
"आत्या, हळू. आत्या, गाय."

म्हणून गच्चीवर खडूनं गाडी काढली.
चौदा फूट बाय साडेपाच.
आत एक सतरंजी, विटांवर फळी,
वीस लिटरचे तीन कॅन,
डावीकडे दार, म्हणजे दोन तिरक्या रेघा.
आठ दिवस इथंच. अट एकच:
भिंतीतून जायचं नाही.

पहिल्या रात्री माझा गुडघा
पुणे नाक्याच्या दिशेनं बाहेर गेला.
सकाळी भाकरी थापताना कळलं
कोपर किती लांब जातं माणसाचं,
सरळ रस्त्यात.
फळी वळवली. रेघ पुसली, काढली, पुन्हा पुसली.
नागम्मा कपडे वाळत घालायला आली, थबकली.
"आत येऊ?"
दारातून आली ती, आणि वाकून आली.
छप्पर नव्हतंच, तरी वाकून.
वहीत लिहिलं: उंची.
शाळेची व्हॅन तिथंच बाद झाली.

दुपारी बेचाळीस.
चार काठ्यांवर मोराची चादर ताणून
तिच्याखाली बसले, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन,
आणि ट्रॅव्हलरच्या काचांचा विचार केला.
तिन्ही बाजूंनी काच, एवढं ऊन कुणी फुकट घ्यावं?
डब्याला निदान भिंती आहेत.
खिडकी हवी तिथंच कापता येते.

रात्री मागच्या गल्लीतले माग खडखडत राहिले.
ते थांबले की मला जाग येते,
लहानपणापासून.
हे कुठल्या गाडीत बसवून मिळतं का
ते विचारायचं राहूनच गेलं.

पाण्याचं मात्र मला शिकवू नका.
एक तांब्या तोंडाला, दोन भांड्यांना,
धुण्याचं उरलेलं तुळशीला
(तुळस ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली होती).
साठ लिटर साडेचार दिवस पुरलं.
आणि पाचव्या दिवशी पहाटे गल्लीत ओरड झाली,
पाणी आलं, पाणी आलं,
आणि मी हंडा उचलून
थेट भिंतीतून धावले.

परत आले तेव्हा ओल्या पावलांनी
मागचं चाक पुसून टाकलं होतं.
नागम्मा कठड्याला टेकून हसत होती.
"ॲक्सिडेंट झाला की हो तुमचा!"

आठ दिवस काही झाले नाहीत. पाचच.
वही घेऊन मी शेडमध्ये गेले.
डबा, म्हटलं. टाकी शंभरची.
फळी मागं नको, दारापाशी.
झोपायला आडवं नको, उभं; गुडघ्यासाठी.
मकबूलनं सगळं लिहून घेतलं,
पैशांचं बोलणं झालं, ते इथं सांगण्यासारखं नाही.
मग म्हणाला, आत बसून दाखवा.

आत अंधार. पत्रा तापलेला.
कापसाचा, खळीचा जुना वास.
मी खाली मांडी घालून बसले.
त्यानं माझ्याच पिशवीतला खडू घेतला
आणि माझ्या डोळ्यांच्या रेघेत
पत्र्यावर एक चौकोन काढला.
"यातून काय दिसायला पाहिजे?"

आत्ता दिसलं असतं ते शेडची भिंत,
रचलेली टायरं, चहाचा पोरगा.

कापा, म्हटलं.